बोट कुणाचं, खुर्ची कुणाची
(कराडला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडे गोण्या वाहतो, रात्री कविता लिहितो. कायद्याचं पुस्तक माझ्या हाताला कधी लागलं नाही. तरी तुम्ही मला भूषण गवईंवर बोलायला बोलावलंत. येताना एसटीत एक दोस्त म्हणाला, लेका, तू न्यायाधीशावर काय बोलणार? म्हटलं, न्यायाधीश कसा नेमतात ते मला गोदीच्या फाटकावर कळलंय.

सकाळी सातला आम्ही फाटकावर उभे असतो. मुकादम येतो आणि बोट दाखवतो. तू, तू, आणि तू. ज्याच्यावर बोट गेलं त्याला आज काम. त्यालाच का, मला का नाही, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर उद्याही बोट वळत नाही.

सर्वोच्च न्यायालयात असे पाच जण बसतात. सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालचे चार ज्येष्ठ. त्याला म्हणतात कॉलेजियम. घटनेत हा शब्द सापडायचा नाही. १९९३ च्या निकालातून ही पद्धत आली, १९९८ ला तिघांचे पाच झाले. सरकारनं आणलेला आयोग २०१५ साली कोर्टानंच मोडीत काढला. आता सरकारच्या हाती बोट द्या, असंही मी म्हणत नाही. आणीबाणीत सरकारविरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती खन्नांना १९७७ साली कसं डावललं ते जुन्या लोकांना विचारा. बाबासाहेबांना दोन्हीकडचे धोके दिसत होते. २४ मे १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं होतं की सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच, त्यालाही तुमच्याआमच्यासारखे पूर्वग्रह असतात, त्याच्या एकट्याच्या हाती नकाराधिकार देऊ नका.

बरोब्बर सत्तर वर्षांनी, २४ मे २०१९ ला, गवईंनी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली. योगायोग. पण मला हा योगायोग आवडतो.

गवई अमरावतीचे. जन्म २४ नोव्हेंबर १९६०. फ्रेझरपुऱ्याच्या वस्तीत वाढले, नगरपालिकेच्या शाळेत शिकले. पोराला व्हायचं होतं आर्किटेक्ट, बापाला हवा होता वकील. बाप म्हणजे दादासाहेब, रा. सू. गवई. रिपब्लिकन पक्षाचे पुढारी, विधान परिषदेचे सभापती, पुढं राज्यपाल. हे लपवायचं कशाला? आपल्यातल्या दहा हजार पोरांना असा बाप नसतो. १९८५ ला वकिली सुरू झाली. नागपूर-अमरावतीच्या महापालिकांची कामं, मग सरकारी वकील, २००० साली नागपूर खंडपीठात मुख्य सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ ला हायकोर्टाचे न्यायाधीश. त्रेचाळिसावं पुरं व्हायला दहा दिवस कमी होते.

हे वय नीट ध्यानात ठेवा, सगळी मेख तिथं आहे. हायकोर्टात बासष्टला घरी, सर्वोच्च न्यायालयात पासष्टला. तिथं जो आधी शपथ घेतो तो ज्येष्ठ, आणि ज्येष्ठ तोच सरन्यायाधीश. गवई आणि सूर्यकांत यांची शपथ एकाच दिवशी झाली. गवईंचा क्रम आधी होता म्हणून १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले. क्रम उलटा असता तर सूर्यकांत २०२७ पर्यंत बसले असते, आणि गवई त्याआधीच निवृत्त. तरी मिळाले किती? सहा महिने आणि काही दिवस. २३ नोव्हेंबर २०२५ ला संपलं.

आता हायवेनं खाली निपाणीला चला. तिथले बळवंतराव वराळे बाबासाहेबांचे सहकारी. त्यांचे नातू प्रसन्न वराळे निपाणीतच जन्मले, औरंगाबादला त्यांनी वकिली केली. हायकोर्टात आले २००८ ला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०२४ ला, एकसष्टाव्या वर्षी. सरन्यायाधीशपदापर्यंत त्यांचा क्रम पोचतच नाही. माणूस कमी पडला नाही, बोट उशिरा वळलं.

सर्वोच्च न्यायालय सुरू झालं १९५० ला. पहिले दलित न्यायाधीश वरदराजन आले डिसेंबर १९८० ला. तीस वर्षं एक माणूस मिळेना! बालकृष्णन २०१० ला सरन्यायाधीशपदावरून उतरले, त्यानंतर गवई येईपर्यंत नऊ वर्षं पुन्हा कोणी नाही. आणि हायकोर्टांचं काय? सरकारनंच संसदेत सांगितलंय. २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत ७१५ न्यायाधीश नेमले, त्यात अनुसूचित जातीचे २२. म्हणजे पुढं वर जाणारे बरेचसे या बावीसातून निघायचे. तेही वेळेत पोचले तर.

तर गवईंचा फोटो लावला, पेढे वाटले, मीही खाल्ले. लाज नाही वाटत. पण १ ऑगस्ट २०२४ च्या त्या सात न्यायाधीशांच्या निकालात त्यांनी लिहिलं की अनुसूचित जातींतही क्रीमी लेयर शोधून बाजूला काढा. कलेक्टरच्या पोराला आणि शेतमजुराच्या पोराला एकाच मापानं मोजू नका, असं त्यांचं म्हणणं. मी शेतमजुराच्याच घरातला. मला ते ऐकायला गोड लागायला हवं होतं. नाही लागलं. ६ ऑक्टोबर २०२५ ला भर कोर्टात एका वकिलानं या सरन्यायाधीशांवर बूट फेकायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, सनातनचा अपमान झाला, जातीचा संबंध नाही. असेल बुवा. गवई म्हणाले, माझ्यावर अशा गोष्टींचा परिणाम होत नाही, काम चालू ठेवा. पोलिसांनी त्याला सोडला, बूटही परत दिला. यापेक्षा वरचा थर कुठला राहिला? त्या थरावरही बूट पोचतो, एवढंच मी बघितलं.

त्यांच्याशी माझं भांडण तेवढंच. त्याच माणसानं नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की नोटीस न देता बुलडोझर घालून घर पाडलं तर अधिकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून भरायचं. झोपडीत राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि कोल्हापूर. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांचे वकील चाळीस वर्षांहून जास्त खंडपीठासाठी झगडले. १७ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं उद्घाटन गवईंनी केलं, दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

माझ्या आज्याची वतनाच्या जमिनीची केस मुंबईला गेली होती. म्हातारा रात्रीच्या गाडीनं यायचा, आमच्या खोलीत दारापाशी झोपायचा, सकाळी धोतर झाडून फोर्टात जायचा. तारीख घेऊन परत. एकदा आईला म्हणाला, "सूनबाई, पुढल्या खेपंला भाकरी जास्त बांधून आणतो, तुमाला भार नगं." पुढली खेप झाली नाही. आज तीच केस असती तर सकाळी कराडातून निघून संध्याकाळी तो घरी आला असता.

पण कोल्हापुरात त्याच्यासाठी उभा राहणारा कोण? न्यायाधीश आभाळातून पडत नाही. हायकोर्टात दहा वर्षं वकिली लागते. त्यात पहिली काही वर्षं कोणाच्या तरी हाताखाली, जवळजवळ फुकट. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ ला शिफारस केली की शिकाऊ वकिलाला शहरात महिना २० हजार, गावाकडं १५ हजार द्या. नुसती शिफारस! आमचा पोरगा पहिल्याच वर्षी कुरिअरच्या गाडीवर बसतो. सरकारी वकिलांच्या यादीत नाव लागायला ओळख लागते. बोटाचा खेळ तिथनंच सुरू होतो, दिल्लीत तो फक्त संपतो.

इथं लॉ करणारे किती आहेत? हात वर करा. लाजू नका. एक, दोन... मागं ती ताई, तीन. बरं, खाली करा. सभा झाली की तिघंही मला भेटा. पहिल्या दोन वर्षांच्या खोलीभाड्याचं कसं करायचं ते आज इथंच बोलू. माझी परतीची गाडी साडेदहाची आहे.