शाळा सुटल्यानंतरची छळवणूक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने शाळकरी मुलांच्या चिडवाचिडवीवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. वर्षभरापूर्वी मलाही वाटले असते. आमच्या भागातील एका वस्तीच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी गणित शिकवितो. सातवीतील एक मुलगी तेथे नियमाने येत असे. तिचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करतात. एके दुपारी ते शाळेवरून जात असता वर्गातील कोणा मुलाने त्यांचे चित्रण केले, त्यांच्या आरोळीला गाण्याचा ठेका जोडला आणि ती चित्रफीत इन्स्टाग्रामवर एका निनावी खात्यावरून टाकली. खाली मुलीचे नाव. रात्रभर शाळेतील मुले तिच्यावर शेरे मारीत होती. त्यांतले काही जातीवरून होते. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण तिच्या घरी साधा फोन आहे. सकाळी ती वर्गात शिरली आणि सगळे हसले, तेव्हा तिला कळले.

मी तिला म्हणालो, ‘लक्ष देऊ नकोस.’ ती म्हणाली, ‘सर, मी नाही दिलं तरी बाकीचे बघतातच ना?’

पस्तीस वर्षे बाजारपेठेचे सिद्धान्त शिकविणाऱ्या माणसाच्या जे ध्यानात आले नव्हते ते या मुलीने एका वाक्यात मांडले होते. आपण आजवर या प्रश्नाकडे संस्काराचा प्रश्न म्हणून पाहत आलो. मुलांच्या हाती फोन देऊ नका, आईवडिलांनी पाळत ठेवावी, हा आपला उपदेश. या मुलीच्या हाती तर फोन नव्हताच.

मुलांनी मुलांना छळणे हे जुनेच आहे. आमच्या वेळीही आडनावावरून, ठिगळांवरून, डब्यातील भाकरीवरून चिडवीत. परंतु त्या चिडवण्यातून तिसऱ्या कोणाला पैसा मिळत नव्हता. आज मिळतो. मेटा या कंपनीची २०२४ सालची उलाढाल सुमारे १६,४५० कोटी डॉलर होती आणि त्यांतील सुमारे १६,००० कोटी डॉलर जाहिरातींतून आले. जाहिरातदार विकत घेतो ते पाहणाऱ्याचे लक्ष. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखविले होते, आणि दुर्मिळ वस्तूला किंमत येते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, तेव्हा असे दिसले की, कोणता मजकूर पुढे ढकलायचा हे ठरविताना एके काळी संतापाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. शेरे आणि पुढे पाठविणे यांनाही भारी वजन होते. शेरा कौतुकाचा की कुचेष्टेचा, हे यंत्राला कळण्याचे कारण नाही. त्या भंगारवाल्या बापावर जितकी मुले हसली, तितकी ती चित्रफीत आणखी मुलांपुढे गेली असणार.

जिने ही चित्रफीत टाकली त्या मुलाच्या हातीही मी दगड देणार नाही. तो बारा वर्षांचाच होता, आईच्या फोनवर ‘लाइक’ मोजत बसला होता. बिनपगारी कामगार म्हणा हवे तर.

आता कायद्याचे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत मुले राबत होती, तेव्हा १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. किती तुटपुंजा कायदा! त्यामागे मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थही होता. तरीही कायद्याने हात मालकाला घातला. गिरणीत मूल पाठविणारे आईबाप संमतीनेच पाठवीत होते. त्या संमतीला काय अर्थ होता हे आपण जाणतो. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली, दंड २०० कोटी रुपयांपर्यंत ठेवला. ही तरतूद चांगली आहे. परंतु त्याच कायद्याचा दुसरा आधार पालकांच्या संमतीचा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले तेव्हा मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची सवड मिळाली.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. दंड मुलाला वा आईबापाला नाही, कंपनीला. तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. हे मला मान्य आहे. मात्र वयाची अट घातल्याने यंत्र बदलत नाही. सतराव्या वर्षी मूल त्याच यंत्रापुढे उभे राहते. आणि वय तपासण्याच्या नावाखाली प्रत्येकाची ओळखपत्रे गोळा होऊ लागली, तर त्याला आपण विरोधच केला पाहिजे. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती हे आपण विसरलो नाही. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मुलांच्या रक्षणाचे निमित्त करून ते मागच्या दाराने परत येता कामा नये.

राहिला प्रश्न आपल्या कामाचा. एकट्या मुलाने फोन सोडला तर ते मित्रांतून बाहेर पडते. म्हणून सोडायचे तर सर्वांनी मिळून, ठरलेल्या वेळी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली ती याच न्यायाने, आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावातील टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. कोणी याला खेडवळ उपाय म्हणेल. मला तो कामगार चळवळीचा उपाय वाटतो. आपल्या शाखांनी वस्तीवस्तीत तो करून पाहावा. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक सभासद असतात; ‘हे शाळेबाहेर घडले’ असे म्हणून शाळेला हात झटकू देऊ नका. १०९८ आणि १९३० हे क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर रंगवा.

आमच्या प्रकरणात शाळेने नेमके तसेच हात झटकले. पुष्कळ खटपटीनंतर अकराव्या दिवशी ती चित्रफीत काढली गेली. मुलगी पुन्हा गणिताला येऊ लागली आहे, अपूर्णांक तिला उत्तम येतात. तिचे वडील मात्र शाळेचा रस्ता टाळून आता मागच्या नाल्याकडून गाडी नेतात, आणि तिकडे आरोळीही देत नाहीत.