ताक, कॅप्सूल आणि आई
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



जेवणानंतर लगेच पोटाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. पण हातात ताकाचे ग्लास आहेत, तेव्हा सांभाळून घ्याल.

माझी ऐंशी वर्षांची आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. दाताच्या दुखण्यावर अँटिबायोटिक सुरू झालं आणि पाचव्या दिवशी जुलाब. तिनं ते तीन दिवस लपवले. "उगाच तुम्हाला खर्च कशाला!" कळल्यावर मीही शहाणपणा केला. डॉक्टरांना फोन करायचं सोडून दुकानातून प्रोबायोटिकची महागडी बाटली आणली. दोन दिवसांनी आई बाथरूममध्ये भोवळ येऊन पडली. निदान झालं 'सी. डिफ'. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू मेले की या जंतूचं फावतं, आणि पासष्टीनंतर ते जिवावर बेतू शकतं. आई बरी झाली. ती बाटली मात्र मी अजून विसरलेले नाही.

मग वाचायला लागले. आंबट दुधानं म्हातारपण लांबतं ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं मांडली. (नोबेल त्याला १९०८ साली मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे!) २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी चाचणी आली. वेल्स आणि ईशान्य इंग्लंडच्या इस्पितळांतले, अँटिबायोटिक घेणारे, पासष्टीपुढचे जवळजवळ ३,००० रुग्ण. निम्म्यांना जंतूंची कॅप्सूल, निम्म्यांना नुसतीच. जुलाबांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये 'सी. डिफ' टाळण्यासाठी काही ठरावीक जंतूंना सशर्त होकार दिला, तोही पुरावा कच्चा आहे असं सांगूनच. आणि इथे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी त्याचा गुण एफडीएला सिद्ध करून दाखवावा लागत नाही.

मग ताक सोडायचं का? छे हो! दात नसलेल्यालाही जाणारं, प्रोटीन-कॅल्शियम देणारं ते अन्न आहे. विरजणासाठी डबा घेताना 'लाइव्ह अँड अ‍ॅक्टिव्ह कल्चर्स' वाचा. कढी उकळलीत की त्यातले जंतू गेले, चव तेवढी राहते. केमो चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि अँटिबायोटिक चालू असताना, किंवा संपल्यावर काही आठवड्यांतही, दिवसाला तीनदा पातळ झालं तर त्याच दिवशी फोन करा. लाजू नका, खर्च मोजू नका.

आई आता सांगलीत आहे. फोनवर आधी पोटाचा रिपोर्ट देते, मग पावसाचा.