एक भाकर कमी, एक वाटी वरण जास्त

(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी बियाणे, फवारणी किंवा बाजारभाव यांविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या ताटाविषयी. पण सुरुवात मात्र शेतापासूनच करू.

कपाशीला नुसता युरिया देत राहिले म्हणजे काय होते, हे आर्णीच्या शिवारात कुणाला सांगायला नको. झाड हिरवेगार होते, उंच वाढते, पाने लुसलुशीत होतात. मागोमाग तुडतुडे आणि मावा येतो, आणि बोंडे मात्र म्हणावी तशी लागत नाहीत. आता नत्र वाईट आहे काय? मुळीच नाही. नत्राशिवाय पीक येत नाही. पण स्फुरद नाही, पालाश नाही, शेणखत नाही आणि नत्राचाच मारा, तर पीक फसते.

आपल्या जेवणाचेही तसेच झाले आहे. भाकर, पोळी, भात, साखर, पोहे, साबुदाणा या सर्वांत मुख्य भाग असतो तो पिष्टमय पदार्थांचा. त्यांतून शरीराला काम करण्याची ताकद मिळते. ते हवेतच. पण ताटात तेच भरपूर, आणि वरण, भाजी, ताक नावाला, असे झाले की शरीराचे गणित बिघडते.

कसे बिघडते ते पाहू. पिष्टमय पदार्थ पचले की त्यांची साखर होऊन रक्तात उतरते. ही साखर शरीराच्या कामाला लावण्यासाठी स्वादुपिंड नावाची ग्रंथी इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडते. ताटलीभर पांढरा भात आणि वर गोड चहा घेतला, तर साखर एकदम चढते. मग इन्शुलिनही जास्त लागते. कित्येकांची साखर पुढे तितक्याच वेगाने खाली येते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. पोटभर जेवूनही चार वाजता हात डब्याकडे जातो तो यामुळे. उलट जेवणात डाळ, दही, फल्लीदाणे, अंडे यांतली प्रथिने आणि भाजीतला चोथा असला, तर अन्न सावकाश पचते, साखर हळूहळू चढते आणि पोट जास्त वेळ भरल्यासारखे राहते. भूक आवरायची असेल तर मन मारण्यापेक्षा ताट बदलणे सोपे.

तुम्ही म्हणाल, आमचे बाप-आजे ढीगभर भाकरी खात होते, त्यांना कुठे साखरेचा रोग झाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यांचा दिवस आठवून पाहा. पहाटे बैलांचे वैरणपाणी, मग वखर, डवरणी, विहिरीवर मोट, शेतात जाणे-येणे पायी. खाल्लेली भाकर संध्याकाळपर्यंत खर्ची पडत असे. आज वखरणी ट्रॅक्टरने होते, पाणी मोटारपंप काढतो, शेतात जायला मोटारसायकल आहे. काम हलके झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण ताट मात्र तेवढेच राहिले.

दुसरा बदल पेऱ्यात झाला. आपल्या भागात कपाशी आणि सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली. पाखरे, रानडुकरे, मजुरी, सगळ्याच अडचणी. घरची ज्वारी गेली आणि तिच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याने अनेक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनची लाल मिलो खाल्ली, त्यांना या धान्याचे मोल माहीत आहे. अशा माणसाला 'भाकर कमी करा' म्हणणे माझ्याही जिवावर येते. पण धान्य फुकट आणि डाळ महाग, म्हणून ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचे पाणी, हे काही खरे नाही.

आता थोडे आकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढ माणसांपैकी शहरात शंभरात १६ आणि खेड्यात शंभरात सुमारे ९ जणांना मधुमेह आढळला. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसे शहरात आणि खेड्यात सारखीच, म्हणजे शंभरात १५ निघाली. म्हणजे हा शेठ-सावकाराचा रोग आता राहिला नाही. आणि शेतकऱ्याला तो फार महागात पडतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाची जाणीव कमी होते. पऱ्हाटीचा खुंट रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि कधी कधी पाय कापण्याची पाळी येते. पायच गेला तर शेती कोणी करायची?

त्याच पाहणीतील आहाराची माहिती २०२५ मध्ये पुढे आली. आपण भारतीय लोक दिवसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून घेतो, आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्के. यांतले अवघे पाच टक्के पिष्टमयाऐवजी डाळी, दूध-दही, अंडी, मासळी यांच्या प्रथिनांतून घेतले, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसली. दोन हजार उष्मांकांत पाच टक्के म्हणजे शंभर उष्मांक. आपल्या एका मध्यम भाकरीत सुमारे दोनशे असतात. म्हणजे गोष्ट अर्ध्या-पाऊण भाकरीची आहे, उपाशी राहण्याची नाही.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट नीट ऐका. पांढरा भात सोडून गहू किंवा ज्वारी-बाजरीसारखी धान्ये धरली, पण एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर विशेष फायदा दिसला नाही. ज्वारी पौष्टिक आहे, तिच्यात चोथा आहे, ती जरूर खा. पण 'ज्वारी चांगली' म्हणून सहा भाकरी खाल्ल्या तर हिशेब तोच. शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग ६५ ते ७० ग्रॅम असतोच. धान्य बदलले तरी माप कमी करायला हवे, आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या अन्नाने भरायला हवी.

ती कशी भरायची? एका मध्यम भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरा. त्यात सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय भाग आणि ६ ग्रॅम प्रथिने. आता तीस ग्रॅम तूरडाळीचे एक वाटी घट्ट वरण घ्या. त्यात प्रथिने तेवढीच, सहा-साडेसहा ग्रॅम, पण पिष्टमय भाग १६-१७ ग्रॅम. म्हणून आजच्या बोलण्याचे सूत्र एकच: एक भाकर कमी, एक वाटी घट्ट वरण जास्त.

आता घरात काय करायचे ते क्रमाने सांगतो.

१. ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग वरण, उसळ, चून किंवा अंडी-मासळी, आणि एक भाग भाकर किंवा भात. भाकर आणि भात दोन्ही हवे असतील तर दोन्ही थोडे थोडे घ्या.

२. आधी भाजी-वरण खा, भाकर त्यासोबत, आणि भात शेवटी. या क्रमाने जेवल्यास साखर सावकाश चढते आणि भाताची दुसरी वाढ आपोआप सुटते.

३. चहाची साखर मोजा. दिवसात पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅम. महिन्याची झाली दीड किलो! आधी कपाला एक चमचा, पुढे अर्धा, असे उतरत जा. जीभ महिनाभरात रुळते. साखरेऐवजी गूळ घातला तरी फरक पडत नाही.

४. मधल्या भुकेला बिस्किट किंवा आलूबोंडा नको. मूठभर फल्लीदाणे, फुटाणे, भिजवलेले मूग किंवा पेलाभर ताक घ्या.

५. पावसाळ्यात बांधावर तरोटा, घोळ फुकट मिळते. अंबाडी, बरबटीच्या शेंगा, शेवगा दारी लावता येतो. जवसाची, तिळाची चटणी आपल्या भागाची जुनी ठेव आहे, ती रोज चमचाभर असू द्या.

६. उपासाला साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याऐवजी दही, ताक, दाण्याची आमटी, फळ घ्या, आणि भगर थोडी.

'डाळ महाग आहे, आणायची कुठून?' असे कुणी विचारील. बंधूंनो, कपाशीत तुरीच्या ओळी कोणाच्या आहेत? आपल्याच. पण आपण सगळी तूर बाजारात नेतो आणि मग किलो-किलोने डाळ विकत आणतो. हिशेब करा. पाच माणसांचे घर, माणशी रोज साठ ग्रॅम डाळ, म्हणजे वर्षाची झाली ११० किलो. तुरीची डाळ साधारण सत्तर टक्के उतरते. म्हणजे दीड ते पावणेदोन क्विंटल तूर घरात राहिली की वर्षाचे वरण आले. मूग-उडीद घरचा असेल तर तुरीची गरज त्याहून कमी. सोयाबीनही घरचेच आहे. मात्र ते कच्चे दळू नका. रात्रभर भिजवा, वीस-पंचवीस मिनिटे उकळा, वाळवा, आणि नऊ भाग ज्वारी किंवा गव्हात एक भाग मिसळून दळून आणा.

आणखी एक गोष्ट घराघरांतली. बायामाणसे शेवटी जेवतात. तोवर वरण संपलेले असते, भाजी खरडलेली असते, उरते ती भाकर आणि चटणी. म्हणजे घरात सर्वांत जास्त पिष्ट आणि सर्वांत कमी प्रथिने तिच्याच ताटात. तिच्या वाटचे वरण आधी काढून ठेवा, नाहीतर सगळे एकत्र जेवायला बसा. याला खर्च काही नाही.

आता एक शंका हमखास येणार. 'काहून जी, भाकर कमी केली तं काम कसं होईन?' शंका खरी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार उष्मांकांच्या ताटाला दिवसाचे २५० ग्रॅम धान्य सांगितले आहे. पण दिवसभर निंदण, वेचणी, खोदकाम करणाऱ्याला त्याहून जास्त अन्न लागते. त्याने भाकर खावी, पण वरण-भाजीसह. उन्हाळ्यात काम कमी असले की भाकरही कमी करावी. बैलालासुद्धा आपण कामाच्या दिवसांत ढेप वाढवतो आणि रिकाम्या दिवसांत कमी करतो. आपल्याबाबत तेवढा विचार नको काय?

विदर्भाला जेवणाचा हा विचार नवा नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी २००४ मध्ये अपघाती निधन होण्यापूर्वी खाणे आणि इन्शुलिन यांचा संबंध लोकांना समजावून सांगितला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रचार महाराष्ट्रभर केला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि प्रत्येकाला ते मानवेलच असे नाही. पण मधल्या वेळचे गोड चहा आणि खाणे थांबवा, एवढी गोष्ट तर आपल्या सर्वांना करण्याजोगी आहे.

काही जणांनी मात्र सांभाळून राहावे. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अंगाने वाळलेली किंवा आजारातून उठलेली माणसे यांचे अन्न कमी करू नका. त्यांना वरण-दूध वाढवा, भाकर तशीच राहू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिनची सुई चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय जेवण एकदम घटवू नका. साखर फार खाली येऊ शकते. घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब साखर-पाणी घ्या आणि दवाखाना गाठा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

शेवटी एवढेच करा. घरी एक दोरी घेऊन बेंबीजवळ कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर यांहून जास्त भरली, तर सावध व्हा. वय तीसच्या पुढे असेल तर गावच्या आशाताईंना विचारून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. पेरणीआधी आपण मातीचा नमुना तपासायला देतो, तसाच हा आपल्या शरीराचा नमुना समजा.

आज संध्याकाळी ताटावर बसाल तेव्हा घरात सांगा, एक भाकर कमी वाढ आणि वरण घट्ट कर.