नाव आणि हात



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने जपानी मातीच्या भांड्यांच्या संग्रहावर का बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. वस्तूची किंमत आणि ती घडविणाऱ्या हाताची किंमत, हा आमचा जन्माचा विषय. या भांड्यांच्या बाजारात तो फार उघडा दिसतो, एवढेच आमचे उत्तर आहे.

जपानात नामवंत कुंभाराचे भांडे घेणारा गिऱ्हाईक त्याबरोबरची पेटीही तितकीच निरखून पाहतो. पेटी किरी नावाच्या हलक्या लाकडाची असते. तिच्यावर कुंभार स्वतः कुंचल्याने वस्तूचे व आपले नाव लिहितो आणि शिक्का उठवितो. हिला तोमोबाको म्हणतात. ती हरवली की भांड्याचा भाव उतरतो. माती तीच, झिलई तीच, हातही तोच. गेला तो नावाचा पुरावा!

आता हामादा शोजी यांचे उदाहरण घ्या. यांचा जन्म १८९४ चा. इंग्लंडमध्ये काम करून ते १९२४ साली परतले आणि पुढे टोकियोच्या उत्तरेस माशिको या गावी स्थायिक झाले. माशिको हे स्वयंपाकघरातली साधी भांडी करणाऱ्या कुंभारांचे गाव. हामादांनी भांड्यांवर सही करणे सोडून दिले. पेटीवर मात्र ते करीत. त्यांचे स्नेही यानागी सोएत्सु यांनी अनाम कारागिरांच्या नित्याच्या वस्तू जमवून १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडले. तिसरे स्नेही कावाई कांजिरो यांनीही भांड्यांवर नाव घालणे सोडले होते.

पण जगाला नाव हवे असते. १९५५ साली जपान सरकारने, लोक ज्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात, तो मान हामादांना दिला. कावाईंनी तो नाकारला. दोघांच्याही भांड्यांना आज मोठी किंमत येते. अनामिकतेचा गौरव करणारेच नामवंत झाले! यात ढोंग नव्हते. बाजाराची रीतच तशी.

या रीतीला उत्तर क्योतोच्या दाइतोकुजी मठात आहे. तेथे किझाएमोन नावाचा चहाचा वाडगा जपला आहे. तो कोरियातल्या कोणा अज्ञात कुंभाराने घडविला. यानागींच्या मते तो गोरगरिबांचा रोजच्या जेवणाचा वाडगा. आज ते जपानचे राष्ट्रीय निधान आहे. किझाएमोन हे नाव मात्र एका जुन्या मालकाचे! वाडगा ज्याने विकत घेतला त्याचे नाव राहिले. ज्याने घडविला त्याचे गेले. मंडळी, हा अनुभव गिरणीतल्या कामगाराला परका नाही.

आणि नामवंताचे भांडे तरी एकट्याचे असते काय? माती मळणारे, भट्टी रचणारे, रात्रंदिवस लाकूड घालणारे हात वेगळेच असतात. २०११ च्या भूकंपात हामादांची उतारावरची मोठी भट्टी ढासळली. ती पुन्हा बांधली गेली आणि २०१५ साली अनेक कुंभारांनी आपापली भांडी तीत मांडून ती एकत्र पेटविली. त्या भट्टीवर हामादांचे नाव आहे; धग मात्र सर्वांची होती.

तेव्हा संग्रह अवश्य करा. पण पेटी वाचण्यापूर्वी भांडे हातात घ्या. त्याचे वजन पाहा, तळ पाहा, बोटांच्या खुणा पाहा. नाव वाचायला दोन क्षण पुरतात; हात ओळखायला सवड काढावी लागते. ती सवड काढणे, हीच श्रमाला दिलेली खरी किंमत होय.