सवलतीचा परवाना आणि रयतेचा बोजा

(बीड जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परकीय माणसाने दुसऱ्या देशात व्यापार कोणत्या मर्यादेत करावा आणि त्या मर्यादेतून सूट कोणाला मिळावी, हे प्रश्न मोठ्या शहरांतील कचेऱ्यांपुरते आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या प्रश्नांची किंमत मराठवाड्यातील रयतेने दोनशे वर्षांपूर्वीच मोजली आहे.

बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १८०० च्या तैनाती तहाने निजामाचे परराष्ट्रव्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले आणि १८०२ च्या व्यापारी तहाने परस्परांच्या मालावर शेकडा पाच एवढीच जकात ठरली. इंग्रज व्यापाऱ्याला राज्याचे दार असे उघडले गेले. तथापि एका बाबतीत खुद्द इंग्लंडच्या कायद्यानेच त्याला आवर घातला होता. अर्काटच्या नबाबाला खाजगी इंग्रजांनी दिलेल्या कर्जांचा अनर्थ सर्वांनी पाहिला होता. म्हणून १७९७ च्या कायद्यान्वये, कंपनी सरकारच्या संमतीवाचून कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने एतद्देशीय राजांना कर्ज देऊ नये, असा निर्बंध घालण्यात आला.

हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने १८१६ मध्ये या निर्बंधातून सूट मिळविली. विल्यम पामर हा पुण्याचे रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामर यांचा पुत्र. त्याची माता लखनौची. पेढीत बंकटीदास हा गुजराती सावकार भागीदार होता, तसाच विल्यम रंबोल्ड हा इंग्रजही होता. रंबोल्डची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालनात वाढलेली होती. सूट मिळाली ती याच हेस्टिंग्ज यांच्या सरकारकडून. शेकडा बाराहून अधिक व्याज घेऊ नये, हाही एक इंग्रजी कायदा होता. पण तो निजामाच्या मुलखात लागू नाही, असा सल्ला कलकत्त्याच्या सरकारी वकिलाने दिला. परिणामी व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत गेला.

हा पैसा प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या पगारासाठी लागे. राज्यकारभार पाहणारे चंदुलाल कर्ज काढीत, महसुलाचे हक्क तारण देत आणि इजारदार ती रक्कम रयतेकडून वसूल करीत. याच काळात, १८१८ मध्ये, बीड भागात धर्माजी प्रतापराव यांनी बंड उभारले. ते मोडण्यासाठी आलेल्या घोडदळाचे नेतृत्व सदरलँड या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखल्या गेलेल्या फौजेची छावणी मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई येथे होती. त्या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीवर दीर्घकाळ पडत राहिला.

१८२० मध्ये साठ लाख रुपयांच्या नव्या कर्जास हेस्टिंग्ज यांच्या निर्णायक मताने मंजुरी मिळाली. त्यानंतर रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी हिशेब तपासले, तेव्हा हे कर्ज बहुतांशी जुन्याच देण्याचे नवे रूप असून त्यात भागीदारांसाठी आठ लाखांचे बक्षीस मिळविले असल्याचे दिसून आले. १८२३ मध्ये कंपनी सरकारने पेढीचे देणे फेडण्याची व्यवस्था केली. त्या मोबदल्यात उत्तर सरकार प्रांतांबद्दल निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची बंद झाली. १८२४ मध्ये पेढी बुडाली. कर्जाची परंपरा मात्र थांबली नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडला लागून असलेला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांकडे गेला. त्यांपैकी रायचूर व धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले.

या इतिहासाचा मथितार्थ परकीय भांडवल नेहमी घातक असते, असा नव्हे. नियम सर्वांसाठी आणि सूट ओळखीच्या माणसासाठी असली, की तिचा बोजा अखेर ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्यावर पडतो, हा तो अर्थ होय.

स्वतंत्र भारताने या बाबतीत निराळी वाट धरली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने चाळीस टक्क्यांहून अधिक परकीय मालकी असलेल्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक केली. पुढे धोरण उदार होत गेले आणि १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा २००० पासून अंमलात आला. परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकाने मूळ रक्कम बाहेर नेण्याचा हक्क न राखता केलेली गुंतवणूक आज देशांतर्गत गुंतवणुकीप्रमाणे मानली जाते. परदेशातून मिळविलेल्या पैशातून बीडच्या सीताफळाचा गर काढण्याचा कारखाना तो उभारू शकतो. मात्र शेतजमीन त्याला खरेदी करता येत नाही. वारसाने आलेली मात्र राखता येते. दुहेरी कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय करारही आज प्रसिद्ध झालेले असतात आणि अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकास त्यांचा लाभ मागता येतो.

परगावी व परदेशी गेलेल्या मुलांचे भांडवल जिल्ह्यात यावे, ही प्रत्येक घराची इच्छा असते. ते यावे ते नियमांच्या राजमार्गाने यावे. सवलत उघड असेल, तिची कारणे लेखी असतील आणि तिचा हिशेब कोणासही पाहता येईल, तरच पामर पेढीच्या काळी रयतेवर आलेली पाळी पुन्हा येणार नाही.