निफाडची थंडी कुठून येते?



जानेवारीत पहाटे निफाडच्या एखाद्या द्राक्षबागेत जाऊन बघा. बांधावर शेकोट्या धुमसत असतात, ठिबक चालू असतं आणि मालक बॅटरीच्या उजेडात घड चाचपत हिंडत असतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून ही धडपड. पाणी उतरलेल्या मण्याला कडाक्याच्या थंडीत तडा जातो, आणि असा घड मग निर्यातीला चालत नाही. वर्षभराचा खर्च त्या एका पहाटेवर टांगलेला असतो.

उत्तरेचा वारा सुटला, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण त्याला वाट करून देणारा दुसरा एक वारा साधारण १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो आणि उत्तर भारतावर त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. रोज पहाटे आणि संध्याकाळी हवामान खातं फुगे सोडतं, ते याच वरच्या हवेची खबर आणायला.

हा वारा नदीसारखी वळणं घेतो. कधी त्याला दक्षिणेकडे झोळ पडतो. झोळाच्या पुढच्या अंगाला दमट हवा, ढग, काश्मीर-हिमाचलात बर्फ. पश्चिमी विक्षोभ म्हणतात तो हाच. मागच्या अंगाने मात्र कोरडी, गार हवा खाली उतरते. झोळ उथळ असला तर ती राजस्थान, मध्य प्रदेशातच थांबते. खोल असला तर सातपुडा ओलांडून खानदेशात आणि नाशकात येते. मुंबईसुद्धा सुटत नाही: २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला होता.

तरी सगळी थंडी बाहेरून येत नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वरून उतरणारी हवा आभाळ निरभ्र करते. पांघरूण काढल्यासारखी जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. वारा पडलेला असला की जड, गार हवा गोदावरी-कादवेच्या सखल रानात साचते. म्हणून नाशिक शहरापेक्षा निफाडचा पारा बऱ्याचदा खाली असतो.

तेव्हा काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी आली, की पुढचे दोन-तीन दिवस आभाळावर नजर ठेवा. ढग असतील तर रात्र उबदार जाईल. ढग फाटले आणि संध्याकाळी वारा पडला, तर सरपण आधीच बांधावर नेऊन ठेवा.