विद्यापीठाचे संकेतस्थळ आणि त्याची निगा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात असा रुक्ष विषय आम्ही का घ्यावा, असे कित्येकांस वाटले असेल. लाखांदूर तालुक्यातील आपल्याच एका कुटुंबातील मुलीची हकीकत त्यास कारण झाली. प्रवेशअर्जाची मुदत तिने एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर पाहिली. ती तारीख मागील वर्षाची होती. नवे परिपत्रक भलत्याच पानावर पडले होते. ऐन रोवणीत मजुरी बुडवून वडील तिला घेऊन नागपुरास गेले, तेव्हा मुदत संपून चार दिवस लोटले होते.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. २००५ पासून त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये त्यासच संलग्न. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर, आणि लाखांदूर, तुमसरची मुले त्याहून दूर. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठाचे दार म्हणजे हे संकेतस्थळच होय.

हे जागतिक जाल मुळात विद्वानांच्याच सोयीसाठी जन्मले. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ते निर्मिले व १९९१ साली जगास खुले झाले. पानाचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये, असे त्यांनीच १९९८ मध्ये आग्रहाने लिहून ठेवले. आपल्याकडे मात्र नवा कंत्राटदार आला की नवे स्थळ उभे राहते आणि जुने सर्व दुवे तुटतात. उद्‌घाटनास पाहुणे मिळतात. दररोज पाने तपासणाऱ्यास कोणी हारही घालीत नाही!

मराठीची अडचण आणखी निराळी. युनिकोड रुळण्यापूर्वी एका यंत्रावरील मराठी दुसऱ्यावर वाचताच येत नसे. म्हणून सूचनेचे छायाचित्र लावण्याची रीत पडली, ती अद्याप सुटलेली नाही. असे पान शोधून सापडत नाही. अंध विद्यार्थ्यास संगणक मजकूर वाचून दाखवितो, पण नुसते चित्र त्यास वाचता येत नाही. तीच सूचना अक्षरांत टंकावी, वर दिनांक घालावा, मुदत टळलेली निराळ्या ठेवणीत हलवावी. यास द्रव्य फारसे लागत नाही, नेमलेला माणूस लागतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर सार्वजनिक संस्थांनी आपली माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी व दरवर्षी अद्ययावत ठेवावी, असे सांगतो.

आपण तलावांच्या जिल्ह्यातले लोक. पाळ कोणी बांधली यापेक्षा गाळ कोण काढतो, हे आपल्या वडिलांस अधिक ठाऊक होते. मालगुजारी गेल्यावर कित्येक मामा तलावांचे काय झाले, ते आपण पाहतोच.

आपल्यातील जी मुले संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी आपापल्या महाविद्यालयात प्राचार्यांस भेटून आठवड्याचे दोन तास या कामी मागून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. लाखांदूरच्या त्या मुलीने पुढील वर्षी पुन्हा अर्ज केला. या वेळी तारीख तिने दूरध्वनीवरून विचारून घेतली.